ओपन सोर्स लायसन्स कसं निवडावं

कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाकला, रेपो (प्रकल्पाचं तिथलं फोल्डर) पब्लिक केला की तो ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणारा, झाला असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. लायसन्स दिलेलं नसेल तर कॉपीराइटचा साधा नियम लागतो: सगळे हक्क लिहिणाऱ्याकडे. लोक तो कोड वाचू शकतात, गिटहबच्या अटींप्रमाणे तिथल्या तिथे फोर्कही (आपल्या खात्यात प्रत) करू शकतात, पण आपल्या कामात वापरायची किंवा बदलून पुढे द्यायची परवानगी त्यांना मिळालेली नसते. नियम पाळणारा माणूस अशा रेपोला हातच लावत नाही. म्हणजे तुम्ही मनापासून वाटायला काढलेली गोष्ट नेमकी प्रामाणिक माणसालाच घेता येत नाही. म्हणून हे काम पहिल्याच दिवशी उरकावं.

कोड तुमचाच आहे ना?

नोकरीत असाल तर आधी करार काढून वाचा. कामाशी संबंधित जे काही लिहाल त्यावर कंपनीचा हक्क, असं कलम बऱ्याच करारांत असतं. शंका असेल तर लेखी परवानगी घ्या, तोंडी नको.

मग डिपेंडन्सींची, म्हणजे तुमचा कोड ज्या बाहेरच्या लायब्ररींवर चालतो त्यांची, यादी उघडा आणि प्रत्येकीचं लायसन्स बघा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढे अडचण येते ती इथेच. समजा, एक लायब्ररी फक्त जीपीएल या लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे आणि दुसरी अपाची २.० या लायसन्सखाली. दोन्ही ओपन सोर्स, दोन्ही उत्तम, तरी दोन्ही मिसळून एकच प्रोग्राम वाटता येत नाही, कारण अपाचीतल्या पेटंटच्या अटी जीपीएलच्या त्या आवृत्तीत बसत नाहीत. २००७ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ही अडचण दूर झाली. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरून उचललेला तुकडाही विसरू नका. तिथली उत्तरं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या शेअरअलाइक लायसन्सखाली असतात, म्हणजे बदलून पुढे द्याल तर तेच लायसन्स ठेवावं लागतं.

आता खरा प्रश्न

उद्या एखाद्या कंपनीने तुमचा कोड घेतला, त्यात भर घातली, बंद सॉफ्टवेअर म्हणून विकला आणि तुम्हाला एक ओळही परत दिली नाही, तर चालेल का? मन लावून उत्तर द्या. लायसन्सांची नावं डझनावारी असली तरी निवड बहुतेक याच उत्तरावर ठरते.

चालेल, असं उत्तर असेल तर एमआयटी लायसन्स. जेमतेम पावणेदोनशे शब्दांचा हा मजकूर एकदा स्वतः वाचाच. पहिल्या परिच्छेदात सगळं करायची मुभा: वापरा, बदला, वाटा, विका. दुसऱ्यात एकच अट: कॉपीराइटची ओळ आणि हा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत ठेवायचा. तिसरा परिच्छेद सगळा मोठ्या लिपीत. सॉफ्टवेअर आहे तसं दिलं आहे, कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर लेखक जबाबदार नाही. लोक हा भाग वाचत नाहीत, पण तुमचं संरक्षण त्यातच आहे.

पेटंटचा प्रश्न येऊ शकेल अशा क्षेत्रात मी एमआयटीऐवजी २००४ चं अपाची २.० घेईन. त्यात कोड देणारा प्रत्येक जण त्या कोडपुरता आपला पेटंटहक्कही वापरू देतो, आणि त्याच कोडवरून पेटंटचा दावा ठोकणाऱ्याची पेटंटपरवानगी संपते. एमआयटी पेटंटविषयी थेट काहीच बोलत नाही.

चालणार नाही, असं उत्तर असेल तर जीपीएल. याला कॉपीलेफ्ट म्हणतात: प्रोग्राम पुढे द्याल तर सोर्सही त्याच लायसन्सखाली द्यावा लागेल. विकायला मनाई नाही, लपवायला आहे. ही अट कागदावरच राहत नाही. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स असल्याचं लोकांच्या लक्षात आलं, त्यांनी सोर्स मागितला, आणि २००३ मध्ये कंपनीला तो खुला करावा लागला. त्यातूनच पुढच्या वर्षी राउटरसाठीच्या मुक्त प्रणालीचा ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प उभा राहिला, आणि आज तो असंख्य राउटरांवर चालतो. परवानगी सैल असती तर ते दार कुणी उघडलं असतं?

जीपीएलची अट मात्र प्रत वाटली तरच लागते. कुणी तुमचा कोड बदलून फक्त स्वतःच्या सर्व्हरवर चालवला, तर प्रत कुणाला दिलीच जात नाही. ही फट जीपीएलचंच भावंड असलेलं एजीपीएल बुजवतं: बदललेल्या प्रोग्रामचा नेटवर्कवरून वापर करणाऱ्यांनाही सोर्स द्यावा लागतो. त्यामुळेच काही मोठ्या कंपन्या एजीपीएलचा कोड आत घेत नाहीत, हे धरूनच निवडा. लायब्ररी असेल आणि मधला मार्ग हवा असेल तर जीपीएलचं सौम्य रूप एलजीपीएल, किंवा सोर्स द्यायची अट त्या-त्या फाइलपुरतीच घालणारं एमपीएल २.०.

माझं मत विचाराल तर छोट्या लायब्ररीला एमआयटी किंवा अपाची, पूर्ण ॲपला जीपीएल, सर्व्हरवर चालणाऱ्याला एजीपीएल.

स्वतःचं लायसन्स मात्र लिहू नका. जेसन या माहिती साठवायच्या पद्धतीसाठी लिहिलेल्या कोडच्या मूळ लायसन्समध्ये सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाइटासाठी नको, अशी एक ओळ आहे. हेतू निर्मळ, पण चांगलं-वाईट ठरवायचं कुणी? तेवढ्या ओळीपायी डेबियन हा लिनक्स प्रकल्प ते मुक्त मानत नाही. ‘व्यावसायिक वापर नको’ ही अट घातली तरी ते ओपन सोर्स राहत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स लेखांना आणि चित्रांना ठीक. कोडला लावू नका, असं ती संस्था स्वतःच सांगते.

लावायचं कसं

रेपोच्या मुळाशी लायसन्स नावाची फाइल करा आणि अधिकृत मजकूर शब्द न बदलता टाका. एमआयटीत वर्ष आणि नाव भरा. जीपीएलच्या मजकुरात काही भरू नका, नाव प्रत्येक फाइलच्या माथ्यावर जातं. तिथेच एसपीडीएक्सची (लायसन्सांच्या ठरलेल्या लघुनावांची) एक ओळ लिहिली की यंत्रांनाही लायसन्स ओळखता येतं. पॅकेजच्या माहितीतही तेच नाव हवं. जीपीएल घेताना ‘फक्त हीच आवृत्ती’ की ‘ही किंवा पुढची’ हे स्पष्ट लिहा. लिनक्स कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच थांबला आहे, तो याच एका शब्दामुळे.

पहिला पॅच घेण्याआधी

बाहेरच्याने दिलेल्या कोडचा, म्हणजे पॅचचा, कॉपीराइट त्याचाच राहतो. उद्या लायसन्स बदलायचं झालं तर अशा प्रत्येकाची संमती घ्यायची, नाहीतर त्याचा कोड काढून पुन्हा लिहायचा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचा गाभा जीपीएलवरून एलजीपीएलवर नेताना जुन्या जुन्या लेखकांना शोधून विचारावं लागलं. त्यामुळे पॅच कोणत्या लायसन्सखाली येतो हे योगदानाच्या सूचनांमध्ये आधीच लिहून ठेवा. कमिटखाली (बदलाच्या नोंदीखाली) सही मागायची लिनक्सची पद्धत लहान प्रकल्पालाही पुरते.

आणि बदल झालाच तर तो पुढच्या आवृत्त्यांनाच लागतो. दिलेली परवानगी परत घेता येत नाही. २०२३ मध्ये टेराफॉर्म हे सर्व्हर उभारायचं साधन एमपीएल सोडून बंधनांच्या लायसन्सवर गेलं, तेव्हा लोकांनी एमपीएलखालचा शेवटचा कोड उचलला आणि ओपनटोफू नावाचा वेगळा प्रकल्प सुरू केला.