डीएनएच्या ओळीतून प्रथिन कसे काढावे: बीटा-ग्लोबिनची पहिली २७ अक्षरे

डीएनएपासून एम-आरएनए आणि एम-आरएनएपासून प्रथिन हा क्रम दहावीपासून सर्वांना पाठ असतो. पण प्रत्यक्ष डीएनएची ओळ समोर ठेवून तिच्यातून अमिनो आम्ले काढायला सांगितली, की बहुतेकांची गाडी कोडॉनच्या (अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन अक्षरी गटांच्या) तक्त्यापर्यंत पोहोचण्याआधीच अडते. कोणता धागा घ्यायचा, कोणत्या टोकाकडून वाचायचे आणि तीन-तीन अक्षरांचे गट कोठून पाडायचे, हे तीन निर्णय बरोबर झाले, तर पुढे फक्त तक्ता पाहण्याचे काम उरते.

सरावासाठी हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे, म्हणजे बीटा-ग्लोबिनचे, जनुक घ्यावे. ते मानवाच्या ११व्या गुणसूत्रावर आहे, आणि त्याच्या संकेत-धाग्याचा (दोनपैकी एम-आरएनएसारखाच क्रम असलेल्या धाग्याचा) सुरुवातीचा भाग ५' टोकाकडून असा आहे (धाग्याच्या दोन टोकांना ५' आणि ३' म्हणतात):

एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी जीएजी एएजी

प्रतिलेखन मात्र या धाग्यावरून होत नाही. आरएनए पॉलिमरेझ हे विकर समोरचा साचा-धागा ३' कडून ५' कडे वाचते आणि एम-आरएनए ५' कडून ३' कडे रचत जाते. म्हणून वरील प्रत्येक अक्षराखाली त्याची जोडी लिहावी, म्हणजे ए-खाली टी आणि जी-खाली सी. साचा-धागा मिळतो तो असा, ३' टोकाकडून:

टीएसी सीएसी जीटीए जीएसी टीजीए जीजीए सीटीसी सीटीसी टीटीसी

आता याच्या समोर आरएनएची अक्षरे मांडावीत. साच्यात ए असेल तेथे टीऐवजी यू येईल, कारण आरएनएमध्ये थायमिनच्या जागी युरॅसिल असते.

एयूजी जीयूजी सीएयू सीयूजी एसीयू सीसीयू जीएजी जीएजी एएजी

ही ओळ संकेत-धाग्यासारखीच दिसते, फक्त टी जाऊन यू आला आहे. त्यामुळे प्रश्नात संकेत-धागा दिला असेल, तर टीचे यू करून थेट पुढे जावे. साचा-धागा दिला असेल, तरच जोड्या लावाव्यात. प्रश्नात टोकांच्या खुणा दिलेल्या नसतील, तर दोष प्रश्नाचा आहे, विद्यार्थ्याचा नव्हे.

पेशीत येथे आणखी एक टप्पा असतो. या जनुकाचे तीन एक्सॉन (राखले जाणारे तुकडे) आणि दोन इंट्रॉन (मधले काढून टाकले जाणारे तुकडे) आहेत. मूळ आरएनएमधून इंट्रॉन कापले जाऊन एक्सॉन जोडले गेल्यावरच एम-आरएनए केंद्रकाबाहेर येतो. आपली २७ अक्षरे पहिल्या एक्सॉनमधली असल्यामुळे त्यांना कात्री लागत नाही.

भाषांतरणासाठी गट कोठून पाडायचे, हे एयूजी ठरवतो. या एम-आरएनएत त्याच्याआधी सुमारे ५० अक्षरे असतात. प्रथिन जोडणारा रायबोझोम ती ओलांडून पहिल्या एयूजीवर थांबतो आणि तेथून तीन-तीन अक्षरे मोजू लागतो. एयूजीतला पहिला ए चुकून सोडला, तर काय होते ते मुद्दाम करून पाहावे: यूजीजी, यूजीसी, एयूसी, आणि चौथा गट यूजीए, म्हणजे थांबण्याचा संकेत. दोन अक्षरे सोडली, तर सहावा गट यूजीए येतो. म्हणजे उत्तर लिहिताना लवकरच थांबा-संकेत आला, तर तक्त्याला दोष देण्याआधी गट तपासावेत.

आता तक्ता उघडावा. मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, पुन्हा ग्लुटामिक आम्ल आणि लायसिन. तक्ता कोडॉनचा असतो. टी-आरएनएवरील (अमिनो आम्ल आणून देणाऱ्या आरएनएवरील) अँटीकोडॉन, म्हणजे कोडॉनच्या जोडीची तीन अक्षरे, लिहून ते तक्त्यात शोधण्याची चूक सर्रास होते आणि सगळे उत्तर बिघडवते. हा तक्ता तयार होण्यामागेही असेच वाचन आहे. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मथाई यांनी केवळ यू असलेला आरएनए वापरला, तेव्हा केवळ फेनिलअ‍ॅलॅनिनची साखळी मिळाली; हरगोविंद खुराना यांनी यूसी-यूसी अशा पुनरावृत्तीचा आरएनए रचला, तेव्हा सेरिन आणि ल्युसिन आळीपाळीने आले.

संपूर्ण संकेत १४७ कोडॉनांचा असून त्यानंतर थांबा-संकेत येतो. मात्र सुरुवातीचे मेथिओनिन पुढे काढून टाकले जाते, त्यामुळे तयार साखळीत १४६ अमिनो आम्ले उरतात आणि आपल्या ओळीतले सातवे ग्लुटामिक आम्ल सहावे ठरते. जुन्या आणि नव्या लेखनांत याच जागेला सहा आणि सात असे दोन क्रमांक दिसतात, ते यामुळे.

याच गटात एक अक्षर बदलून पाहावे. जीएजीचे शेवटचे अक्षर बदलून जीएए केले, तरी ग्लुटामिक आम्लच राहते. मधल्या ए-च्या जागी यू आणला, तर जीयूजी होतो, म्हणजे व्हॅलिन. विदर्भातील गडचिरोली आणि खानदेशातील नंदुरबार या जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल आजार या एका अक्षराचा आहे. व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते. ऑक्सिजन सुटल्यावर एका हिमोग्लोबिनमधील ही जागा शेजारच्या रेणूला चिकटते, लांब तंतू तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, व्हॅलिनवर नसतो. प्रत्येक हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळ्या दोन असल्यामुळे फरक दोन प्रभारांचा पडतो. म्हणूनच अल्कधर्मी माध्यमातील इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विजेच्या साहाय्याने रेणू वेगळे करण्याच्या चाचणीत) हे हिमोग्लोबिन धन ध्रुवाकडे जाताना मागे राहते. वाहकाच्या, म्हणजे एकाच पालकाकडून बदललेले जनुक आलेल्या व्यक्तीच्या, नमुन्यात नेहमीचा आणि मागे राहिलेला असे दोन्ही पट्टे उमटतात, आणि त्याच्या अहवालावर 'एएस' लिहिले जाते (ए म्हणजे नेहमीचे हिमोग्लोबिन, एस म्हणजे सिकलसेलचे). दोन्ही पालकांकडून बदललेले जनुक आलेल्या रुग्णाच्या नमुन्यात नेहमीचा पट्टा नसतो, त्याच्या अहवालावर 'एसएस' असते.