पाण्याचा ताळेबंद शिकायला परदेशी गट येणार असेल तर

१९९०च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात पैसा जर्मनीचा होता आणि श्रमदान गावांचं. तो अनुभव आता इथिओपियाच्या पठारावरच्या एखाद्या गटाला द्यायचा असेल, तर भाषणं कमी ठेवा आणि त्यांच्या हातात मोजायची टेप द्या. त्यांच्याकडेही बराच खडक बेसॉल्टच आहे, त्यामुळे इथलं पाण्याच्या जमाखर्चाचं गणित त्यांना परकं वाटणार नाही.

परतीचा पाऊस ओसरून रब्बीची पेरणी ठरायची असते, ते दिवस निवडा. महिनाभर आधी ग्रामसभेत विषय घ्या, मात्र विहिरींच्या मालकांना घरी जाऊन विचारा. पाण्याची पातळी मोजायला आठ विहिरी पुरेत: शिवाराच्या माथ्याला तीन, मध्यावर तीन, पायथ्याला दोन. मोजणी सकाळी करायची आणि आदल्या संध्याकाळपासून पंप बंद हवा. खरी फसगत इथेच होते. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची, शेतकरी पहाटेपर्यंत भरणं करतो आणि उपसलेल्या विहिरीचीच पातळी वहीत चढते. कठड्यावरून टेप सोडलात तर कठड्याची उंची वजा करा, सगळीकडे जमीन हीच शून्य.

चरांची समतल रेषा आखण्यासाठी पारदर्शक नळी नि दोन मोजपट्ट्यांचा हायड्रोमार्कर आदल्या दिवशी भरून तपासा. दोन्ही टोकं शेजारी धरल्यावर पाणी एकाच आकड्यावर आलं पाहिजे. येत नसेल तर नळीत हवेचा बुडबुडा आहे. तो तसाच राहिला तर चर उताराला लागतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो.

फळ्यावरचं गणित आधी स्वतः सोडवा. १ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० हजार लीटर. १,००० हेक्टरच्या गावात ५०० मिमी पडला तर ५,००० टीसीएम, म्हणजे हजार घनमीटर. आकडा मोठा दिसतो आणि सगळं पाणी आपलंच वाटायला लागतं, पण त्यातलं बरंचसं बाष्प होऊन उडतं किंवा ओढ्याने निघून जातं. जमिनीतलं पाणी वेगळं मांडा: झिजलेल्या बेसॉल्टमध्ये साठवण साधारण २ टक्के धरली, तर पूर्ण शिवारात पातळी १ मीटर चढणं म्हणजे २०० टीसीएम. पाहुण्यांना हा २ टक्क्यांचा आकडा त्यांच्या देशात जसाच्या तसा नेऊ देऊ नका, तो त्यांच्या खडकाच्या चाचणीतूनच यायला हवा. पिण्याचं पाणी सर्वांत आधी बाजूला काढायचं: २,००० माणसं, माणशी रोज ५५ लीटर, वर्षाला सुमारे ४० टीसीएम. पिकांचा विचार त्यानंतर.

दुभाष्याला एक दिवस आधी शिवारात फिरवा. गुंठा, पाण्याची पाळी, पाणलोट हे शब्द त्याला प्रत्यक्ष दाखवावे लागतात. एकराचे ४० गुंठे, हेक्टरचे जवळपास अडीच एकर, हे कार्डावर लिहून प्रत्येकाला द्या.

विहिरींवर रंगाने क्रमांक टाका. एप्रिलमध्ये त्याच आठ विहिरी पुन्हा मोजून आकडे पाहुण्यांना पाठवायचे आहेत, ते काम कोण करणार त्याचं नाव गट निघण्यापूर्वी वहीत लिहून घ्या.