हळद लाल होत नाही, फेस येत नाही: स्वयंपाकघरातल्या प्रयोगांत या चुका टाळा

खमण वाफवून ताटलीत काढावा आणि पिवळ्या रंगावर जागोजागी लाल ठिपके दिसावेत, हे बडोद्यातल्या बहुतेक घरांत कधी ना कधी झालेलं असतं. सोडा नीट विरघळला नाही की त्याचे कण राहतात, आणि जिथे कण तिथे हळद लाल. मे महिन्याच्या सुटीत दांडिया बाजारातल्या आमच्या घरी शेजारची मुलं प्रयोग करायला येतात, तेव्हा मी याच ठिपक्यांपासून सुरुवात करते. चारपैकी एखादा प्रयोग फसतोच. मग मुलं हिरमुसून म्हणतात, "मावशी, पुस्तकात चुकीचं लिहिलंय." पुस्तकातलं बरोबर असतं. घोळ बहुतेकदा पुडीत, पाण्यात नाहीतर मापात सापडतो.

आधी पुडीचं बघू, कारण आपल्या गावात हा घोळ भाषेतूनच सुरू होतो. यादी मराठीत, दुकान गुजराती. तिथे खायच्या सोड्याला 'साजीना फूल' म्हणतात आणि सायट्रिक अ‍ॅसिडला 'लिंबुना फूल'. दोन्ही पांढरी पूड, दोन्ही 'फूल'. घाईत मुलगा लिंबाची फुलं घेऊन येतो, त्यांवर व्हिनेगर ओततो आणि फेस काही येत नाही. येणार कसा? आम्लावर आम्लच ओतलंय. चव घेऊन ओळखायला जाऊ नका. चिमूटभर पूड बशीत घ्या, वर लिंबाचा थेंब टाका. फसफसली तर सोडा.

पापडखारही फसफसतो, पण तो सोड्यापेक्षा तीव्र असतो आणि हाताला झोंबतो. बेकिंग पावडर नुसत्या पाण्यातही फसफसते, कारण तिच्यात कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं. सोडा-व्हिनेगरच्या फेसाचा खेळण्यातला ज्वालामुखी करताना सोड्याऐवजी ती घेतली तर फेस मंद आणि थोडाच येतो.

हळद आणि जास्वंद

हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही. ग्लासभर पाण्यात चमचा हळद ढवळली की गाळ खाली बसतो, आणि वर सोडा टाकल्यावर काय झालं ते धड कळत नाही. त्यापेक्षा हळदीची दाट पेस्ट टीपकागदाला फासा, सावलीत वाळवा आणि पट्ट्या कापा. साबणाचं पाणी किंवा चुन्याची निवळी लावली की पट्टी लालभडक होते. खायच्या सोड्याच्या पाण्याने मात्र ती जेमतेम नारिंगी-लालसर होते, कारण तो सौम्य आहे. तेव्हा "नीट झालं नाही" म्हणून चमच्यावर चमचा सोडा घालत बसू नका. आणि लिंबू लावल्यावर पिवळी पट्टी पिवळीच राहते, त्यात काही चुकलेलं नाही. आम्ल ओळखणं हळदीचं काम नव्हे.

ते काम जास्वंदीचं. लाल पाकळ्या गरम पाण्यात भिजवल्या की जो रंग उतरतो, तो आम्लात गुलाबी-लाल होतो आणि अल्कलीत, म्हणजे सोडा-चुन्यासारख्या आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, हिरवट. इथे गोची पाण्याची. बोअरचं जड पाणी मुळातच थोडं अल्कलीधर्मी असतं, त्यामुळे काही घालण्याआधीच रंग बदलतो. पाणी फिल्टरचं घ्या आणि भांडं काचेचं किंवा स्टीलचं. लोखंडी कढईत रंग काळपटतो. याच गावात 1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली, आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर तिथे रंगाईचं रसायनशास्त्र शिकवत. रंगाचं काम हातात घेणाऱ्याला पाणी पारखूनच घ्यावं लागतं, मग तो कारखान्यातला रंगारी असो की जास्वंदीची वाटी घेऊन बसलेली तिसरीतली मुलगी.

जास्त सोडा म्हणजे जास्त फेस नव्हे

100 मिली साध्या व्हिनेगरमध्ये साधारण 4 ग्रॅम आम्ल असतं. त्याला पुरा पडणारा सोडा साडेपाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक भरलेला चमचा. त्यापुढचा सोडा तळाशी नुसता बसून राहतो. पण एवढ्याशा मालातून सुमारे दीड लिटर कार्बन डायॉक्साइड सुटतो, हे मोठ्यांनी पक्कं लक्षात ठेवावं. बाटलीला घट्ट बूच लावून "बघू काय होतं" हा खेळ माझ्या घरात बंद आहे. बाटली फुटून तुकडे डोळ्यांत जाऊ शकतात. फुगा लावायचा असेल तर सोडा फुग्यात भरा, फुगा बाटलीच्या तोंडावर ताणून बसवा आणि मगच उलटा करा. फुगा फुगत नसेल तर दहापैकी नऊ वेळा तोंडाशी वारा निसटत असतो.

हाच कार्बन डायॉक्साइड ओळखायच्या चुन्याच्या निवळीत सगळ्यात जास्त मुलं चुकतात. पानाचा चुना पाण्यात कालवून लगेच त्यात वायू सोडतात आणि म्हणतात, पांढरं झालं! ते आधीच पांढरं होतं. चुना रात्रभर बसू द्या, वरचं नितळ पाणी हलक्या हाताने काढा आणि दुहेरी फडक्यातून गाळा. बरणी उघडी ठेवली तर हवेतल्याच वायूने वर साय धरते, म्हणून झाकण लावा. मग सोडा-व्हिनेगरच्या बाटलीतला वायू नळीने आत सोडला की पाणी दुधाळ होतं. वायू सोडतच राहिलात तर ते पुन्हा निवळतं. इथे मुलं गडबडतात, पण आधी तयार झालेला न विरघळणारा पदार्थ आता विरघळणारा झालेला असतो, इतकंच. स्ट्रॉने फुंकायला मुलांना देऊ नका, फुंकता फुंकता ओढलं जातं. चुना डोळ्याला फार वाईट, म्हणून चष्मा हवा आणि शेजारी मोठं माणूस हवं. कळीचा चुना तर आणूच नये, पाणी पडताच तो भयंकर तापतो.

बाथरूममधलं ब्लीच आणि आम्लाचा क्लीनर कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन सुटतो. त्या कपाटाला प्रयोगाच्या दिवशी कुलूप.

शेवटचा प्रश्न भाताच्या पेजेचा. पेजेत बीटाडीनचे, म्हणजे जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाचे, दोन थेंब टाकले तर निळा रंग यायला हवा, पण येत नाही. पेज गरम आहे का बघा. तापलेल्या स्टार्चमध्ये आयोडीनचा निळा रंग टिकत नाही. वाटी गार पाण्यात ठेवा, पेज निवू द्या, तो हळूहळू येतो. थेंब जास्त पडले तर काळाच दिसतो, मग पाणी घालून पातळ करा. ती पेज मोरीत ओता, आणि वाटी प्रयोगांच्याच डब्यात ठेवा, जेवणाच्या भांड्यांत नको.