गरोदरपणातल्या गोळ्या ग्लुटेन-फ्री आहेत का, हे कसं तपासावं

मला सिलिॲक आहे, म्हणजे गहू, बार्ली (जव) आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन हे प्रथिन मला चालत नाही. दोन्ही गरोदरपणांत गोळ्यांची लेबलं वाचण्यात माझे कितीतरी तास गेले, आणि त्यानंतर बहिणीची, मैत्रिणींची, त्यांच्या नणंदांचीही लेबलं वाचून दिली. ‘एवढीशी गोळी, तिच्यात कितीसं ग्लुटेन असणार?’ असं प्रत्येकीला कुणीतरी सांगितलेलं असतंच. हा सल्ला ऐकू नका. गोळी रोज घ्यायची असते, तीही महिनोन् महिने. ग्लुटेनमुळे आपल्या लहान आतड्याचं अस्तर खराब होतं, आणि लोह, फोलेट शोषून घेण्याचं काम त्याच अस्तराचं असतं. गोळी ज्यासाठी घ्यायची, तेच मग अंगी लागत नाही.

शोध लांबला तरी फोलिक ॲसिड, म्हणजे गोळीतलं फोलेट, थांबवू नका. बाळाची न्यूरल ट्यूब, म्हणजे मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू जिच्यापासून घडतो ती नळी, गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. दिवस गेल्याचं तेव्हा अनेकींना कळलेलंही नसतं. रोज ४०० मायक्रोग्रॅमची साधी फोलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांना विचारून चालू ठेवा; तिच्यात घटक मोजके, त्यामुळे ती तपासायलाही सोपी. आधीच्या बाळात न्यूरल ट्यूबचा दोष असेल तर डोस बराच जास्त लागतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

आता डबा हातात घ्या. त्यावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेलं असेल तर काम बरंचसं झालं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे याचा अर्थ किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे २० पीपीएमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही. एक ग्रॅमच्या गोळीत हे फार तर ०.०२ मिलिग्रॅम होतं. ‘व्हीट-फ्री’वर मात्र थांबू नका, त्याचा अर्थ फक्त गहू नाही एवढाच; बार्ली किंवा राय असू शकते. ‘नॅचरल’, ‘व्हेगन’ या शब्दांचा ग्लुटेनशी संबंधच नाही.

तसं काही छापलेलं नसेल तर घटकांची यादी वाचा. अक्षरं बारीक असतात, मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. माल्ट, ब्रूअर्स यीस्ट, व्हीटग्रास, बार्लीग्रास, व्हीट जर्म ऑइल किंवा ट्रिटिकम, होर्डियम, सेकेल ही गहू, बार्ली, राय यांची लॅटिन नावं दिसली की डबा परत. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, मॅग्नेशियम स्टिअरेट, सिलिकॉन डायऑक्साइड यांची भीती नको. ‘टेरॉयलग्लुटामिक ॲसिड’ वाचून माझ्या एका मैत्रिणीने चांगला डबा परत केला होता. ते फोलिक ॲसिडचंच रासायनिक नाव आहे.

खरी अडचण ‘स्टार्च’ या एका शब्दाची आहे. गोळी बांधली जावी आणि पोटात गेल्यावर फुटावी म्हणून स्टार्च घालतात. तो बहुतेक वेळा मक्याचा किंवा बटाट्याचा असतो, पण गव्हाचाही असू शकतो. ‘मेझ स्टार्च’ (मक्याचा) लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला. नुसतं ‘स्टार्च’, ‘मॉडिफाइड स्टार्च’, ‘प्रीजिलेटिनाइज्ड स्टार्च’ किंवा ‘डेक्स्ट्रिन’ लिहिलं असेल तर तो कशाचा, हे कंपनीलाच विचारावं लागतं. औषधाच्या दुकानात विचारून उपयोग नाही, दुकानदाराला तीच यादी दिसते जी तुम्हाला दिसते.

पहिल्या वेळी मी कंपनीला फोन करून विचारलं, ‘यात ग्लुटेन आहे का?’ पलीकडून उत्तर आलं, ‘नाही मॅडम, आम्ही ग्लुटेन घालत नाही.’ मला तेवढं पुरलं. सात आठवडे मी ती गोळी घेतली. पोट फुगायला लागलं, तोंडात पुन्हा फोड आले, आणि सगळे म्हणत राहिले की गरोदरपणात असं होतंच. शेवटी मी लेखी विचारलं की स्टार्च कशापासून बनवता. उत्तर आलं: गव्हापासून. फोनवरच्या मुलीने खोटं सांगितलं नव्हतं, ग्लुटेन वेगळं घालत नव्हतेच. माझा प्रश्नच चुकला होता.

म्हणून फोन नको, ईमेल करा. गोळीचं पूर्ण नाव आणि बॅच नंबर द्या आणि नेमकं विचारा: स्टार्च आणि डेक्स्ट्रिन कोणत्या पिकापासून? वरच्या थरात काय आहे? तयार गोळीची ग्लुटेन चाचणी होते का आणि निकाल किती पीपीएम? त्याच यंत्रांवर गहू किंवा बार्ली असलेलं काही बनतं का?

पिकाचं नाव सांगितलं तर ते उत्तर. ‘आमची सर्व उत्पादनं सुरक्षित आहेत’ हे उत्तर नव्हे. ‘हमी देता येत नाही’ असं पुष्कळ कंपन्या सावधगिरी म्हणून लिहितात, तेवढ्यावरून डबा टाकू नका. स्टार्च मक्याचा आहे आणि त्या यंत्रांवर गहू येत नाही असं स्पष्ट लिहिलं असेल तर ते पत्र डॉक्टरांना दाखवून ठरवा. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर मी दुसरी गोळी शोधते. इंटरनेटवरच्या तयार याद्यांवर मी विसंबत नाही, कारण एकाच नावाच्या गोळीचे घटक देशागणिक आणि काळानुसार बदलतात.

ग्लुटेनचं मिटलं की मात्रा बघा. गमीमध्ये, म्हणजे चघळायच्या मऊ गोळीमध्ये, बहुधा लोह नसतं. रेटिनॉल स्वरूपातलं अ जीवनसत्त्व सगळं मिळून दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. लोह आणि कॅल्शियम वेगवेगळ्या वेळी घ्या.

रिकाम्या डब्याची घटकांची बाजू कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. नवा डबा आला की पहिली गोळी काढण्याआधी दोन्ही याद्या शेजारी धरून ओळीने वाचा. एखादा शब्द जरी बदललेला दिसला, तरी कंपनीला पुन्हा ईमेल.