ग्रीक नाणी जमवताय? 'केवढ्याला?'च्या आधी 'कुठलं?' विचारा

माझं पहिलं ग्रीक नाणं खोटं निघालं. पारिऑन या गावचा, अडीच ग्रॅमही न भरणारा चांदीचा अर्धा ड्राख्मा. पुढे गॉर्गन या ग्रीक पुराणातल्या राक्षसिणीचं जीभ बाहेर काढलेलं तोंड, मागे मान वळवून बघणारा बैल. वजन बरोबर, चांदी बरोबर, विकणाऱ्याचं बोलणं तर साखरेत घोळलेलं. दोन वर्षांनी दुसऱ्याच एका विक्रेत्याच्या यादीत मला ते नाणं दिसलं. तसंच नव्हे, तेच. बैलाच्या शेपटीपासून कडेपर्यंत गेलेली तीच चीर आणि गॉर्गनच्या कानाजवळचा तोच खड्डा. माझं तर माझ्या कपाटात होतं!

त्यानंतर बरंच शिकलो. त्यातलं काही इथे लिहितोय, कारण नवीन माणसं अजूनही त्याच खड्ड्यात पडताना दिसतात. बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. नाणं हातात आलं की आपण आधी 'केवढ्याला?' विचारतो. 'कुठलं?' हा प्रश्न राहूनच जातो. अथेन्स, कोरिंथ, सिराक्यूज आणि काळ्या समुद्राकाठची बारकी गावं अशा शेकडो शहरांनी आपापली नाणी पाडली. प्रत्येकाचं वजन वेगळं, चिन्ह वेगळं आणि त्याची खोटी नाणी पाडणारेही वेगळे.

जुळी नाणी

पारिऑनच्या नाण्यावर जरा थांबतो, कारण इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. काहींना दोन नाण्यांवरचं चित्र हुबेहूब सारखं दिसलं की लगेच संशय येतो. पण खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वरचा हातात धरलेला आणि मध्ये धातूची चकती ठेवून हातोड्याचा घाव, अशी ही नाणी पडत. एका ठशातून हजारो नाणी निघत. त्यामुळे चित्र तंतोतंत जुळणं यात गैर काही नाही. एखाद्या संग्रहालयातल्या नाण्याशी तुमच्या नाण्याचा ठसा जुळला, तर उलट चांगलंच.

चकती मात्र दर वेळी नवी असते. तिचा आकार, घाव बसताना ती किती सरकली, कडेला कुठे फाटली, हे दोन नाण्यांत सारखं असू शकत नाही. ठसा जुळतो, शिवाय चीर आणि खड्डाही जुळतो, म्हणजे दोन्हींपैकी निदान एक साच्यातून आलंय. बहुतेकदा दोन्हीही.

ओतीव नाणं ओळखायला भिंग घेऊन आधी कड बघा. तिथे जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याची खूण असते. सपाट जागेवर बुडबुड्यांचे बारीक गोल खळगे दिसतात. अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या मऊ वाटतात. पण खऱ्या नाण्यावरून ठसा बनवून, चांगल्या चांदीवर घाव घालून पाडलेली खोटी नाणीही आहेत. तिथे भिंग पुरत नाही. त्या टाकसाळीची माहीत असलेली खोटी नाणी आधी चाळावी लागतात. पारिऑनचा अर्धा ड्राख्मा, अपोलोनिया पाँटिकाचा जहाजाच्या नांगराचा ड्राख्मा, इस्ट्रॉसचं एक सुलटं आणि एक उलटं तोंड असलेलं नाणं, ही छोटी चांदीची नाणी सगळ्यांत जास्त बनावट निघतात. स्वस्त म्हणून नवखा नेमका यांच्याकडेच वळतो. 1980च्या दशकाच्या अखेरीस अपोलोनिया आणि मेसेम्ब्रिया इथल्या छोट्या नाण्यांचा 'काळ्या समुद्राचा साठा' बाजारात आला, तेव्हा भलेभले जाणकार आधी फसले आणि मग आपसांत भांडत बसले. शेवटी तो खोटा ठरला.

हा धंदा काही आजचा नाही. कार्ल विल्हेल्म बेकर (1772–1830) हा जर्मन गृहस्थ आपली ताजी नाणी लोखंडाच्या किसासकट एका डब्यात भरायचा आणि डबा घोडागाडीला बांधून फिरायला निघायचा. धक्के खाऊन नाणी म्हातारी होत. त्याचे ठसे आज बर्लिनच्या संग्रहालयात आहेत.

वाजवून बघू नका

आपल्याकडे नाणं खणखणीत वाजलं की खरं आणि बद्द वाजलं की खोटं. भाषेतच बसलेली ही परीक्षा ग्रीक चांदीवर मात्र चालत नाही. दोन-अडीच हजार वर्षं जमिनीत राहून चांदी आतून स्फटिकासारखी ठिसूळ होते. असं अस्सल नाणं बद्द वाजतं आणि फरशीवर पडलं तर बिस्किटासारखं तुटतं. मी एकाला तसं तुटताना पाहिलंय. नाणं माझं नव्हतं, तरी पोटात खड्डा पडला.

खुद्द ग्रीक लोक नाणं कसं पारखत? इ.स.पू. 375-374चा अथेन्सचा एक कायदा शिळेवर कोरलेला आहे. ती शिळा 1970 मध्ये तिथल्या अगोरात, म्हणजे बाजारचौकात सापडली. त्यात सरकारी पारख्याची तरतूद आहे. हा माणूस सार्वजनिक मालकीचा गुलाम असे आणि सराफांच्या टेबलांशी बसून नाणी तपासून देई. आत तांबं किंवा शिसं निघालं, की नाणं तिथल्या तिथे आडवं कापायचं. त्याने कामात कुचराई केली तर पन्नास फटके. म्हणून अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यावर छिन्नीचा खोल घाव दिसला तर नाक मुरडू नका. कुणीतरी त्या काळीच खात्री करून घेतलेली असते. असं नाणं स्वस्तात मिळतं आणि मला तरी ते जास्त आवडतं.

आज घरी करता येण्यासारखी परीक्षा म्हणजे विशिष्ट घनता. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पाण्यात असं सोडा की तळाला, कडेला टेकणार नाही. समजा नाणं 8.50 ग्रॅमचं आहे आणि काटा 0.82 दाखवतो. भागाकार 10.37 येतो. शुद्ध चांदीची घनता 10.49, म्हणजे ठीक. आकडा 9च्या आसपास आला तर आत तांबं. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. खोटं नाणं चांगल्या चांदीचं असेल तर तेही पास होतं. आणि पाऊण ग्रॅमच्या ओबोल या बारक्या नाण्यावर हा खेळ करू नका, काट्याच्या चुकीनेच उत्तर बिघडतं.

कुठलं अपोलोनिया?

कुणी म्हणालं, 'मी वडगावचा', तर आपण लगेच विचारतो, कुठलं वडगाव? ग्रीक जगातही तीच गत आहे. अपोलोनिया नावाची गावं ढीगभर. आजच्या बल्गेरियाच्या किनाऱ्यावरच्या अपोलोनियाचं चिन्ह जहाजाचा नांगर. आजच्या अल्बानियातल्या अपोलोनियाच्या नाण्यावर वासराला पाजणारी गाय. नेआपोलिस म्हणजे 'नवं शहर', आपलं नवापूर म्हणा. मॅसिडोनियाकडच्या नेआपोलिसवर गॉर्गन, इटलीतल्या नेआपोलिसवर, म्हणजे आजच्या नेपल्सवर, माणसाच्या तोंडाचा बैल. नाक्सॉस बेटही आहे आणि सिसिलीतलं शहरही. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर नुसतं नाव असेल तर प्रदेश विचारा. उत्तर देताना तो चाचपडला, तर पैसे खिशातच राहू द्या.

चित्रावरून गाव सांगण्याची घाईही अशीच महागात पडते. पंखवाला घोडा म्हणजे कोरिंथ, हे अर्धंच खरं. कोरिंथच्या नाण्यावर घोड्याखाली 'कोप्पा' हे जुनं अक्षर असतं, गोळ्याखाली दांडी, काडीवरच्या लॉलीपॉपसारखं. त्या जागी लॅम्डा असेल तर नाणं ल्यूकासचं, अल्फा असेल तर आम्ब्राकियाचं. घोडा तोच, टाकसाळ वेगळी. घुबडाचंही तसंच. अथेन्सची नाणी इतकी चालत की इजिप्तपासून अरबस्तानापर्यंत लोकांनी त्यांच्या नकला पाडल्या. त्या नकलाही प्राचीनच आहेत आणि त्यांचा वेगळा संग्रह होतो. पण 'अथेन्स' म्हणून पैसे मोजले असतील तर घुबडाशेजारची अल्फा, थीटा, एप्सिलॉन ही अक्षरं आणि त्यांची घडण नीट बघा.

काही गावांनी तर कोडीच घातलीत. रोड्सवर गुलाब, कारण ग्रीकमध्ये गुलाब म्हणजे 'रोडॉन'. सेलिनूसवर 'सेलिनॉन' या रानटी ओव्याच्या जातीचं पान. फोकाइयावर सील, तिला 'फोके' म्हणत. सीडेवर डाळिंब, तेही नावावरूनच. ही कोडी एकदा कळली की अक्षरं झिजलेलं नाणंही बोलायला लागतं.

वजन कुणाच्या मापाने?

'स्टेटर आहे, पण हलका वाटतो' अशी तक्रार नेहमी येते. स्टेटर म्हणजे त्या त्या शहराचं मुख्य नाणं, ठरावीक वजन नव्हे. एजिना बेटाचा कासवाचा स्टेटर साधारण 12.2 ग्रॅम, कोरिंथचा 8.6. अथेन्सचं चार ड्राख्मांचं नाणं 17.2 ग्रॅम. एजिनाच्या मापाने कोरिंथचं नाणं तोललं तर ते खोटंच वाटणार.

आपल्याकडे जास्त दिसतात ती इंडो-ग्रीक नाणी, म्हणजे भारताच्या वायव्येला राज्य केलेल्या ग्रीक राजांची, आणि तिथे ही चूक हमखास होते. बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडे, अथेन्सचं माप चाले, पण हिंदुकुशाच्या अलीकडे या राजांनी भारतीय माप धरलं. मिनँडरचा ड्राख्मा सुमारे 2.45 ग्रॅमचाच असतो. एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. अथेन्सचा ड्राख्मा 4.3 ग्रॅमचा, म्हणून याला 'घासलेला' म्हणणारे मी पाहिलेत. मिनँडर आणि अपोलोडोटसचे ड्राख्मे त्यांच्यानंतर शतकभराने, किंवा त्याहूनही उशिरा, भडोचच्या बाजारात चालत होते, असं 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक सागरी प्रवासाच्या पुस्तकात नोंदवलंय. याच ड्राख्माचा पुढे द्रम्म झाला आणि द्रम्माचा दाम. 'दाम करी काम' म्हणताना आपण ग्रीकच बोलत असतो!

अलेक्झांडरचं नाणं, पण अलेक्झांडरचं नव्हे

सिंहाचं कातडं पांघरलेला चेहरा, मागे सिंहासनावर झ्यूस, हातात गरुड, आणि 'अलेक्झांड्रू' म्हणजे 'अलेक्झांडरचं' ही अक्षरं. विक्रेता सांगतो, 'खुद्द सिकंदराचा फोटो'. चेहरा हेराक्लीसचा, म्हणजे हर्क्युलिसचा असतो. आणि अलेक्झांडर इ.स.पू. 323 मध्ये गेला, तरी हीच नाणी त्याच्या नावाने काही गावांत इ.स.पू. पहिल्या शतकापर्यंत पडत राहिली. डॉलर सगळीकडे चालतो, तसं हे नाणं चाले.

गाव शोधायचं तर झ्यूसच्या समोरची मोकळी जागा आणि सिंहासनाखालची जागा बघा. तिथे गुलाब असेल तर रोड्स, स्फिंक्स असेल तर कियॉस, सुरई आणि द्राक्षवेल असेल तर टेम्नॉस, शिरस्त्राण असेल तर बहुधा मेसेम्ब्रिया. 'झ्यूसचे पाय एकमेकांवर असतील तर राजा गेल्यानंतरचं नाणं' हा नियम तोंडपाठ करून फिरणारे भेटतात. अंदाजाला बरा आहे, पण टाकसाळ बदलली की तो कोलमडतो. हे राजाच्या हयातीतलं की नंतरचं, यावर किमतीत मोठा फरक पडतो, म्हणून फोडणीआधी कढई तापलीय का बघावं तसं हे आधी तपासा.

चिंच, लिंबू आणि पावसाळा

यावर फार बोलत नाही. कांस्य नाण्यावरचा गुळगुळीत हिरवा किंवा काळपट थर म्हणजे पाटीना, तोच त्याचा दागिना. चिंच, लिंबू, राख किंवा भांडी घासायची पावडर लावलीत की तो गेला, आणि किंमतही गेली. मातीच काढायची असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि भरपूर सबुरी.

चिंता करायची ती फिकट हिरव्या, खडूसारख्या भुकटीची. त्याला ब्रॉंझ डिसीज म्हणतात. धातूतल्या क्लोराइडला दमट हवा मिळाली की तो सुरू होतो, म्हणून मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. भुकटी लाकडी काडीने खरवडा, नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पाणी बदलत राहा, पूर्ण वाळवा आणि सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात वेगळं ठेवा. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं आजच फेकून द्या. त्यांचा चिकट हिरवा थर चांदीलाही सोडत नाही.

'कुठून आलं?'

'कुठलं'चा हा शेवटचा अर्थ. नाणं अथेन्समध्ये पडलेलं असू शकतं, इजिप्तमध्ये सापडलेलं आणि लंडनमध्ये विकलेलं. कागद हवा तो या पुढच्या प्रवासाचा. तुर्कस्तानात एल्मालीजवळ 1984 मध्ये सुमारे 1900 नाण्यांचा साठा निघाला आणि चोरून अमेरिकेत गेला. खरेदीदार तालेवार होते, तरी बऱ्याच वर्षांच्या कोर्टबाजीनंतर 1999 मध्ये नाणी परत करावी लागली. तिथल्याच एफेसस या प्राचीन शहराच्या अवशेषांत कुणी मुठीतून 'आत्ताच शेतात सापडलं' म्हणून नाणं दाखवलं, तर पुढे चालू लागा. बहुतेकदा ते खोटं असतं. खरं निघालं तर देशाबाहेर नेताना विमानतळावर अटक होऊ शकते, म्हणजे आणखी वाईट.

आपल्याकडे शंभर वर्षांवरचं नाणं 1972च्या पुरावस्तू कायद्यात बसतं. व्यापाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मराठी मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं. तिकडे घेतलेलं नाणं 'बाबांना दाखवायला' म्हणून आणाल आणि ते इथेच अडकू शकतं. घरात किंवा शेतात साठा सापडला तर 1878चा निखात निधी कायदा आहे. कलेक्टरला कळवावं लागतं.

पारिऑनचा तो बैल अजून माझ्याकडे आहे. विकणाऱ्याने पैसे परत द्यायला साफ नकार दिला. नाण्याच्या पाकिटातल्या चिठ्ठीवर गाव, वजन आणि घेतल्याची तारीख आहे आणि वर लाल शाईने, ठळक, 'खोटं' असं लिहिलंय. माझ्यामागे मुलं हा डबा उघडतील, तेव्हा निदान त्यांनी तरी ते कुणाच्या गळ्यात मारू नये.