‘प्रारब्ध’ हा शब्द नेमका कसा वापरावा

‘प्रारब्ध’ या नपुंसकलिंगी संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘जे सुरू झाले आहे ते’ असा आहे, आणि तो ध्यानात ठेवला तर हा शब्द सहसा चुकीच्या जागी पडत नाही. वेदान्तात कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन प्रकार मानतात. साठून राहिलेले ते संचित, आत्ता घडत असलेले ते क्रियमाण, आणि संचितापैकी ज्याचे फळ या जन्मी मिळू लागले आहे ते प्रारब्ध. धनुष्यातून सुटलेला बाण परत घेता येत नाही, हा त्याचा परंपरागत दृष्टान्त आहे.

म्हणूनच जिथे भोगण्याचा, टळत नसल्याचा भाव असेल तिथेच हा शब्द योजावा : ‘प्रारब्धाचे भोग’, ‘प्रारब्धात होते ते घडले’. सोडतीत बक्षीस लागले, तर तिथे अरबीतून आलेला ‘नशीब’ हाच शब्द शोभतो. ‘त्याने नशीब काढले’ म्हणतात, ‘प्रारब्ध काढले’ असे कोणी म्हणत नाही. ‘दैव’ या दोहोंच्या मधला आहे, तर स्त्रीलिंगी ‘नियती’मध्ये व्यक्तीच्या कर्माचा हिशेब असेलच असे नाही.

एक काळजी मात्र आवर्जून घ्यावी. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल लिहिताना ‘हे त्याचे प्रारब्ध’ असे लिहू नये, कारण त्यातून दोष त्याच्याच पूर्वकर्मावर जातो. तिथे ‘दुर्दैवाने’ पुरेसे आहे.