या चुका टाळा: लोखंडी कंड्यूट आहे म्हणून प्लगला अर्थ मिळतोच असं नाही

दुकानाच्या गाळ्यात किंवा वर्कशॉपमध्ये लोखंडी कंड्यूट (ज्यातून वायरी ओढतात तो पाईप) असेल, तर अर्थची वेगळी वायर ओढायचा बऱ्याच ठिकाणी कंटाळा केला जातो. पाईप लोखंडाचा, बॉक्सही लोखंडाचा, मग वायर कशाला? काम नवीन असताना हे चालूनही जातं. पुढे कपलिंगच्या आट्यांना गंज धरतो, पाईप बॉक्सला आवळणारं चेक नट सैल होतं, दुरुस्तीत कुणी मध्येच पीव्हीसीचा तुकडा घालतं. तिथून पुढचे सगळे पॉइंट अर्थाविना. म्हणून पाईपमधून हिरवी तांब्याची वायर हवीच.

सगळ्यात घातक चूक तपासणीत होते. फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावायचा, पेटला की अर्थ ओके! हा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. वाटेतल्या सैल जोडात १० ओहम असले तरी तिथे जेमतेम ४ व्होल्ट पडतात आणि बल्ब लख्ख पेटतो. उद्या फ्रिजची फेज बॉडीला लागली, तर त्याच जोडातून साधारण २३ अँपिअर जातील. तेवढ्यावर १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडायला कित्येक मिनिटं, कधी तासभरही लागू शकतो, आणि तोवर फ्रिजच्या दाराला जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट असतील. दार उघडणाऱ्या पोराचा यात काय दोष?

त्यापेक्षा मेन बंद करा, सप्लाय नाही याची खात्री करा आणि लांब वायर लावून मल्टिमीटरने सॉकेटच्या अर्थ पिनपासून डीबीच्या (एमसीबी बसवलेल्या बोर्डाच्या) अर्थ बारपर्यंत, म्हणजे सगळ्या अर्थ वायरी जोडलेल्या पट्टीपर्यंत, ओहम मोजा. लांब वायरचे ओहम वजा करा. २.५ चौरस मिमी तांब्याची ३० मीटर वायर पाव ओहमच्या आत येते. दोन-चार ओहम दिसले तर मधल्या बॉक्सपासून मोजत या, दोष कुठल्या बाजूला ते लगेच कळतं. मोजताना जोड हलवून बघा. लूप इम्पिडन्स टेस्टर (फॉल्टच्या करंटच्या पूर्ण वाटेचा अडथळा मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तमच.

अर्थ मिळत नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल अर्थला जोडणं तर कधीच नको. मागे न्यूट्रल तुटला की उपकरणाची बॉडी थेट फेजवर येते.

अर्थ वायरचा एक तुकडा सॉकेटला, दुसरा बॉक्सच्या स्क्रूला द्या. स्क्रूखालचा रंग खरवडून काढा. सॉकेटच्या टर्मिनलमधूनच पुढे लूप नेला, तर तो सॉकेट काढताच पुढची रांग अर्थाविना राहते.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) जरूर बसवा. पण अर्थ नसेल तर तो माणसाच्या अंगातून करंट गेल्यावरच पडतो.